गुलबक्षी झब्बा

"हा घालायचा," प्रमिला म्हणाली आणि तिनं माझ्या मांडीवर घडी ठेवली.

मी चष्मा लावला. मग काढून पुसला, पुन्हा लावला. चष्म्याचा काही दोष नव्हता. झब्बा गुलबक्षीच होता. फिकट वगैरे नाही. दिवेलागणीला कुंपणापाशी ती फुलं उघडतात, त्यांच्यासारखा लखलखीत.

"कुणाचं लग्न आहे?"

"माझं गाणं आहे."

"गाण्याला मी पांढरा घालतो."

"या वेळी हा घाला."

"अगं, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला माणूस आहे मी. नाटकात काम करत नाही."

"नाहीतर येऊ नका," ती म्हणाली. आणि लगेच, आवाज खाली आणून, "पण या. या वेळी तुम्ही हवेच आहात."

तिचा आवाज असा खाली आला की माझी वकिली संपते. मी झब्बा अंगाला लावून आरशासमोर उभा राहिलो. आरशातल्या माणसाची मला कीव आली.

मैफलीला काय घालून जावं, याचे आमच्या घरात न लिहिलेले नियम होते. ते प्रमिलाच्या गुरूंकडून आलेले. त्यांना सगळे नुसतं बुवाच म्हणायचे. ऐकणाऱ्यानं पांढरं किंवा सायीच्या रंगाचं घालावं. कडक खळ नको, मांडी बदलली की कपडा चुरचुरतो. पुढं बसायचं असेल तर अत्तर बेतानं, गाणाऱ्याला शिंक येते. बायकांनी बांगड्या मोजक्या घालाव्यात. बुवा म्हणायचे, रंगीत व्हायचा मान तिथं गाण्याचा असतो, आपण भिंतीसारखं असावं. लग्नानंतर मी हे नियम मुकाट्यानं घेतले, कारण पांढऱ्या कपड्यांत माणूस लपतो आणि मला लपायचं होतं.

लपायचं का, तेही सांगतो. लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. बुवांच्या घरी प्रमिला गात होती आणि मी नव्या जावयाच्या थाटात पुढं बसलो होतो. तालाचं वर्तुळ पुरं करून गाणं जिथं परत येऊन टेकतं त्या जागेला सम म्हणतात आणि तिथं "वा" म्हणायचं असतं, एवढं मी ऐकून होतो. फक्त ती जागा कुठली, ते मला कळत नव्हतं. एका सुंदर तानेनंतर मला राहवलं नाही. मी मोठ्यानं "वा!" म्हणालो. तबलजीचा हात अडखळला. मागं कुणीतरी फिसकन हसलं. बुवा सावकाश माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "जावईबापू, गाडी अजून फलाटाला लागायचीय."

त्या दिवसापासून मी मैफलीत तोंड उघडलं नाही. तिसऱ्या रांगेत, गाणाऱ्याच्या डाव्या हाताला, खांब असला तर खांबापाशी बसायचं आणि गप्प ऐकायचं. प्रमिला मात्र त्या गप्प माणसाकडे बघूनच गायची. "मी सगळ्या सभागृहाला नाही गात," ती म्हणायची. "एकाला सांगते. बाकीचे ऐकतात." समेवर येताना तिच्या ओठांच्या एका कोपऱ्यात हसू यायचं. ते माझं असायचं. मला ताल कळत नव्हता, पण सम आली हे मला त्या हसण्यावरून कळायचं.

मग सांगलीला ते झालं. नवं सभागृह होतं, मऊ खुर्च्या, मंचावर झगझगीत दिवे आणि समोर मिट्ट काळोख. ख्याल अर्ध्यावर आला असताना प्रमिला थांबली. तिनं हात जोडले, "घसा बसलाय" म्हणाली आणि उठून आत गेली. परतीच्या गाडीत तिनं शाल डोक्यावरून ओढून घेतली. मग म्हणाली, "समोर कुणी नव्हतंच."

"हाउसफुल्ल होतं गं," मी म्हणालो.

तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर दोन वर्षं ती कुठं गायली नाही. वृंदा नावाची एक शिष्या तेवढी घरी येत राहिली. अशात वाईच्या एका संगीत मंडळाचं बोलावणं आलं. त्यांचं पन्नासावं वर्ष होतं, पहाटेची मैफल होती, घाटावरच्या देवळाच्या सभामंडपात. प्रमिला हो म्हणाली. "पण हे शेवटचं," तिनं मला सांगितलं. "या वेळी उठावं लागलं, तर तंबोरा कायमचा गवसणीत."

आणि त्या मैफलीसाठी हा झब्बा.

आदल्या दिवशी साताऱ्याहून निघण्याआधी ती बॅग भरत होती. एक साडी तिनं हातात घेतली, काठावरून बोटं फिरवली आणि विचारलं, "ही हिरवी ना?"

"हिरवीच. तूच तर आणलीस."

"काठ तोच लागतोय," ती म्हणाली आणि साडी बॅगेत टाकली. हल्ली ती अशीच हरवल्यासारखी असायची. आमटीत मीठ दोनदा पडायचं. सकाळचा पेपर तिला मी वाचून दाखवायचा, कारण माझा आवाज म्हणे फार छान होता. गाणाऱ्या बायकोनं नवऱ्याच्या आवाजाचं कौतुक केलं तर कुठला नवरा खोलात जातो? मी रोज अग्रलेखासकट वाचत होतो.

पहाटे आम्ही घाटावर उतरलो तेव्हा वाई दिसत नव्हती. पौषातलं धुकं कृष्णेवरून उठून पायऱ्या चढत होतं. देवळाचा कळस नव्हता, झाडांना शेंडे नव्हते, पणत्यांच्या ओळी मात्र पाण्याजवळ तरंगत होत्या. माणसं बोलत होती तीही कुजबुजत. मला आपण अजून अंथरुणातच आहोत असं वाटत होतं. वृंदा प्रमिलाचा हात धरून तिला पायऱ्यांवरून एकेक पाऊल नेत होती. शिष्या असावी तर अशी, मला वाटलं.

मंचाकडे वळण्यापूर्वी प्रमिला थांबली. "झब्बा घातलाय ना?"

"समोर उभा आहे, दिसत नाही का?"

"वर शाल नका हं घेऊ. थंडी वाजली तरी."

"न्यूमोनिया झाला तर तुझं गाणं ऐकायला कोण उरेल?"

"तिसरी रांग," ती म्हणाली. "डावीकडे." आणि ती धुक्यात गेली.

मी छाती पुढं काढून सभामंडपाकडे निघालो. पायरीवरच मला एका पहिलवानासारख्या माणसानं अडवलं, खांदे धरून स्टुलावर बसवलं आणि माझ्या डोक्याभोवती काहीतरी गुंडाळायला सुरुवात केली.

"अहो, हे काय?"

"फेटा. सुवर्णमहोत्सव आहे. सगळ्या पुरुषांना बांधायचाय. मान सरळ ठेवा."

फेटा गुलबक्षी होता.

माझ्या झब्ब्याचाच रंग, जणू एकाच ताग्यातून फाडलेला. मी आत पाहिलं. पुढच्या भिंतीपासून मागच्या खांबापर्यंत डोकीच डोकी, आणि प्रत्येक डोकं गुलबक्षी. मंडळाचे चिटणीस श्रीपतराव ढमाळ धावत आले. त्यांनी माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"साहेब, झब्बासुद्धा! आमच्या सभासदांनीही एवढं केलं नाही."

"हा रंग कुणी निवडला?"

"आता काय सांगायचं," श्रीपतराव माझ्या कानाशी आले. "केशरी म्हटलं की निम्मी कमिटी उठून जायला निघते. निळा म्हटलं की उरलेली निम्मी. भगवा, हिरवा, पिवळा, सगळ्यांवर कुणाचा ना कुणाचा हक्क. तीन बैठका झाल्या साहेब. शेवटी कुठल्याच पक्षाचा नाही असा हा एक रंग सापडला. फेटेवाल्याकडे लग्नातला माल पडून होता, त्यानंही आनंदानं दिला."

मी तिसऱ्या रांगेत डाव्या खांबापाशी जाऊन बसलो. माझ्यापुढं दोन उंच गृहस्थ होते. त्यांच्या फेट्यांचे तुरे असे उभे होते की मला मंचाचा जेमतेम मधला तुकडा दिसत होता. बायका पलीकडच्या बाजूला पांढऱ्या साड्यांत शांत बसल्या होत्या. इकडे मात्र आम्ही सगळे वरपक्षाकडचे.

प्रमिला आली, हात जोडले, बसली. तिच्या मागं वृंदानं तंबोरा उभा धरला आणि तो बोलू लागला. नदीचा आवाज आणि तंबोऱ्याचा आवाज कुठं वेगळे होतात ते कळेना. मंडपाला तीन बाजूंनी भिंती नव्हत्या. धुकं खांबांमधून आत येत होतं, समयांच्या ज्योतींभोवती पिवळी वलयं धरत होतं. त्यात ती हिरवी साडी, मिटलेले डोळे. मग तिनं पहिला स्वर लावला. ललत, पहाटेचा राग.

दोन वर्षांनी मी तो आवाज मोकळ्या हवेत ऐकत होतो. तो थोडा खरखरीत झाला होता आणि त्यामुळे मला जास्तच आवडला. ती एकेक स्वर जपून ठेवत होती, झोपलेल्या घरात भांडं ठेवावं तसा. थंडीनं माझे दात वाजत होते, तरी मी शाल घेतली नाही.

मग तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणजे मला तसं वाटलं. मी मान किंचित हलवली. पण तिची नजर माझ्यावरून गेली. थांबलीच नाही. खांबाकडे गेली, तिथून मधल्या रांगांवर, तिथून मागं. पुन्हा परत आली, पुन्हा गेली. गर्दीत हरवलेलं मूल शोधताना बाई बघते तशी ती बघत होती, आणि आवाज आपला गातच होता. तबला सुरू झाला. अंबादास नावाचा साथीदार होता, हात फार गोड. ख्याल संथ लयीत पाय टाकू लागला.

पहिल्या समेला ती हसली नाही. दुसऱ्या समेलाही नाही. तिसऱ्या वेळी तिची नजर पहिल्या रांगेतल्या एका लठ्ठ गृहस्थावर येऊन ठरली. ते गावातले डॉक्टर होते, श्रीपतरावांनी ओळख करून दिली होती. त्यांच्या अंगावर फेट्याच्या जोडीला गुलबक्षी उपरणंही होतं. त्यांच्याकडे बघत प्रमिला समेवर आली आणि ओठांच्या कोपऱ्यात हसली.

माझं हसू! डॉक्टरांनी दोन्ही हात वर केले, मान डोलावली, शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर, साठीच्या उंबरठ्यावर, पहाटेच्या थंडीत गुलबक्षी कपडे घालून बसलेल्या मला एका लठ्ठ डॉक्टराचा हेवा वाटला, हे मी आज कबूल करतो. ती एकामागून एक सगळं त्यांनाच सांगत होती. गाणं उघडत चाललं होतं, फुलत होतं, लोक पुढं सरकत होते. मी एकटा कडू तोंडानं बसलो होतो.

तेवढ्यात डॉक्टर उठले. त्यांना कुणी बोलवायला आलं होतं की थंडीनं नाइलाज झाला होता, देव जाणे. वाकून, हात जोडत ते कडेनं बाहेर गेले.

प्रमिला त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. आवाज हलला. तिची नजर पुन्हा फिरायला लागली, इकडून तिकडे, आणि या वेळी मला नीट दिसलं. ती चेहऱ्यांकडे बघतच नव्हती. चेहऱ्यांच्या थोडं वर, थोडं बाजूला, रंगाकडे बघत होती. समोर रंगच रंग होता. तिला त्यात माणूस दिसत नव्हता.

साडीच्या काठावरून फिरणारी बोटं. दोनदा पडलेलं मीठ. पायऱ्यांवर वृंदाचा हात. माझा छान आवाज. समोर कुणी नव्हतंच. सगळं एकदम माझ्या अंगावर आलं आणि मी जागा झालो.

तिनं एक आलाप सुरू केला आणि मधेच सोडला. अंबादासनं तिच्याकडे पाहिलं आणि ठेका सांभाळला. वृंदाचं तोंड पांढरं पडलं. प्रमिलाचे हात मांडीवरून उचलले जात होते. ते हात मला माहीत होते. सांगलीला ते असेच उचलले गेले होते आणि मग जोडले गेले होते.

उभं राहावं का? उभं राहून काय दिसणार, आणखी एक गुलबक्षी डाग. हाक मारावी? भर मैफलीत बायकोला हाक कशी मारणार? विचार पुरा व्हायच्या आत माझ्या तोंडून आवाज निघून गेला होता.

"वा!"

सगळा मंडप वळला. सम कुठल्या कुठं होती. आवर्तन अर्ध्यावरही आलं नव्हतं, त्यात ती गातही नव्हती. वा म्हणण्यासारखं काही घडलंच नव्हतं. पुढच्या उंच गृहस्थानं तुऱ्यासकट मागं वळून माझ्याकडे असं पाहिलं की बुवाच पुन्हा जन्माला आले असं मला वाटलं. श्रीपतरावांनी कपाळाला हात लावला.

प्रमिलाचे हात हवेत थांबले. तिनं मान थोडी कलती केली. मग चेहरा सावकाश डावीकडे वळला, खांबाकडे, तिसऱ्या रांगेकडे, माझ्याकडे. हात खाली आले. ओठांचा कोपरा हलला. तिनं सोडलेला आलाप जिथं सोडला होता तिथूनच उचलला, घोळवला, वर नेला आणि अशी काही समेवर आली की अख्खा मंडप एकदम "वा" म्हणाला. त्या वेळी मात्र मी गप्प होतो.

त्यानंतर मी लाजलो नाही. मधे केव्हा तिची नजर ढळतेय असं वाटलं की मी "वा" म्हणायचो. प्रत्येक वेळी चुकीच्या जागी. प्रत्येक वेळी ती परत यायची. ऊन नदीवर आलं, धुकं विरलं, झाडांना शेंडे आले, कळस आला, आणि ती गातच होती.

मैफल संपल्यावर आम्ही घाटाच्या पायरीवर चहा घेत बसलो. मी फेटा काढून शेजारी ठेवला होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

तिनं कप दोन्ही हातांत धरला. "सांगलीच्या आधीपासून. कडेचं दिसतं, मधलं जातंय. रंग कळतो, माणूस कळत नाही. वृंदा घेऊन गेली होती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. गेलेली नजर परत यायची नाही म्हणाले."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही काळजी केली असतीत. मला घरात बसवलं असतंत, पाटावर, देवासारखं." तिनं चहाचा घोट घेतला. "सवयीच्या खोलीत मला सगळं येतं हो. पण समोर माणूस नसला की गाता येत नाही. म्हणून वृंदाला दुकानात म्हटलं, कुठलाही शहाणा पुरुष घालणार नाही असा रंग शोध."

"आणि इथं सबंध वाईनं तो डोक्यावर घेतला."

ती हसायला लागली. चहा सांडला, पदर भिजला, तरी हसत होती. "मी डोळे उघडले तर समोर नुसतं गुलबक्षीचं रान! मला वाटलं, आता डोळे पुरतेच गेले."

"डॉक्टरांकडे बघून हसलीस ते?"

"कुठले डॉक्टर?"

"असू दे," मी म्हणालो. "आणि माझा आवाज कळला तुला?"

"आवाज कसला, घोगरा निघाला. आधी वाटलं कुणाला ठसका लागलाय. मग लक्षात आलं, सम अजून त्या पैलतीरावर आहे आणि कुणीतरी 'वा' म्हणतंय. असं म्हणणारा माणूस एकच." तिनं चाचपडत माझा हात धरला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, लपवायचं कारणही उरलं नव्हतं.

तंबोरा गवसणीत गेला नाही. प्रमिला त्यानंतर खूप गायली, मधलं सगळं अंधारल्यावरही गायली. साथीदारांच्या गोतावळ्यात माझं नाव झालं. प्रमिलाबाईंचे मिस्टर सोबत असले की ठेका घट्ट धरून ठेवायचा, असं तबलजी एकमेकांना सांगतात म्हणे. मी काहीही घालून जातो. पांढरा, निळा, चौकटीचा. गुलबक्षी झब्बा कपाटात आहे.

एक मात्र झालं. इतकी वर्षं कान देऊन बसल्यावर मला ताल कळायला लागला. सम दुरून येताना ऐकू येते. त्यामुळे माझं काम अवघड झालंय.

गेल्या दिवाळीत पहाटे आमच्याच घरी ती गायला बसली होती. वृंदा, तिच्या मुली, शेजारची चार माणसं. ललतच होता. गाणं इतकं सुरेख उतरत होतं की मी स्वतःला विसरलो, आणि सम आली तेव्हा सगळ्यांच्या बरोबर, अगदी नेमक्या जागी, मीही "वा" म्हणालो.

प्रमिलाचा चेहरा उजवीकडे वळला. मग डावीकडे. आवाज बारीक झाला, आणि ती मला शोधायला लागली.

मी घाईघाईनं, अर्धं आवर्तन बाकी असताना, मोठ्यानं म्हणालो, "वा!"

ती माझ्याकडे वळली आणि हसली.